दोन एकर विकून शिपाई व्हायचं का?

पत्र थोडक्यात: वाचक यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातला, वय २७. बी.ए. झाल्यावर चार वर्षं अमरावतीला खोली करून राहिला. पोलीस भरती, तलाठी, वनरक्षक, जिल्हा परिषद, जी जाहिरात निघाली तिचा फॉर्म भरला. पोलीस भरतीचं ग्राऊंड चांगलं गेलं, लेखीत थोडक्यात राहिला. गेल्या दिवाळीपासून गावी परत. घरी पाच एकर कोरडवाहू वावर, त्यात पऱ्हाटी आणि सोयाबीन. गावातल्या लोकांचा पीक विमा आणि ई-केवायसी तो मोबाईलवर करून देतो. मराठी टायपिंग झालेलं आहे, ट्रॅक्टर चालवता येतो. आता एका शिक्षणसंस्थेचा माणूस घरी येऊन गेला आहे. शाळेत शिपायाची 'पर्मनंट' जागा, भाव १२ लाख, पैकी ४ लाख पोळ्याच्या आधी. वडील दोन एकर काढायला तयार आहेत. नागपूरजवळच्या बुटीबोरीला कंपनीत असलेला मावसभाऊ म्हणतो, 'ये, लावून देतो.' वाचक लिहितो: 'ताई, बी.ए. होऊन हेल्पर म्हणून जायला मन घेत नाही. ओळख आणि पैसा नसेल तर काम लागतच नाही. चार वर्षं वाया गेली. सोयरिकीला गेलं की पहिला प्रश्न नोकरीचा. बाबांना हो म्हणू की नाही? आणि नाही म्हटलं तर काम शोधू कुठून, त्यांना सांगू कसं?'

भाऊ,

आधी पोळ्याच्या आधीचं बोलते, कारण तेवढं टळलं तरच पुढच्या गोष्टींना अर्थ आहे. ते ४ लाख देऊ नका. दोन एकर काढू नका. जी वस्तू तो माणूस विकायला आला आहे, ती त्याच्याकडे आहे असं मला कुठूनही दिसत नाही.

अनुदानित शाळेतली जागा पक्की कशाने होते ते बघ. ते पद शाळेच्या संचमान्यतेत, म्हणजे शाळेला किती पदं मिळतील याच्या सरकारी मंजुरीत, असावं लागतं, आणि संचमान्यता मुलांच्या पटावर ठरते. मग त्या नेमणुकीला शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता लागते. त्यानंतर शालार्थ या शाळांच्या पगाराच्या ऑनलाइन प्रणालीत नाव चढतं, तेव्हा कुठे सरकारी पगार सुरू होतो. यातलं काहीच संस्थेच्या हातात नाही. संस्थेच्या हातात लेटरहेड आणि शिक्का आहे. नेमणुकीचा आदेश ते उद्याच काढून देतील. मुलगा घंटा वाजवतो, वर्ग झाडतो, पाणी भरतो आणि 'मान्यता येऊनच राहिली' हे वर्षानुवर्षं ऐकतो. आपल्याकडे असा एखादा मुलगा नसलेला तालुका सापडणं कठीण. तुझ्याही ओळखीत कोणी असेल, आठवून बघ.

शिपायाच्या जागेचं तर आणखी अवघड आहे. ११ डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयाने खासगी अनुदानित शाळांमधली चतुर्थश्रेणीची पदं रिकामी होतील तशी पगाराच्या श्रेणीत न भरता, शाळेला ठोक शिपाई भत्ता द्यायचं ठरवलं. म्हणजे जुन्या शिपायाला जो पगार मिळत होता, तो डोळ्यांपुढे ठेवून तुम्ही १२ लाखांचा हिशेब करत आहात, आणि हातात कदाचित मानधन पडेल. २०२५ मध्ये नागपूर विभागात बोगस शालार्थ आयडीचं प्रकरण बाहेर आलं तेही तू वाचलं असशील. शिक्षण विभागातल्या अधिकाऱ्यांना अटक झाली, शेकडो नेमणुका चौकशीत सापडल्या. ज्यांचे पगार सुरू झाले होते, तेही आज निवांत नाहीत. शिवाय भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून लाच देणाराही गुन्हेगार धरला जातो. उद्या जागा झाली नाही तर तुझे वडील पैसे परत मागायला कोणत्या दारात उभे राहतील? पावती तर कोणी देत नाही.

खात्री करायची असेल तर रस्ता स्वस्त आहे. जिल्हा परिषदेतल्या शिक्षणाधिकारी (माध्यमिक) कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाक. त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लाव आणि पोच घ्यायला विसरू नकोस. अर्जात एवढंच माग: अमुक शाळेच्या चालू संचमान्यतेची प्रत, शिक्षकेतर पदांपैकी मंजूर किती, भरलेली किती, रिकामी किती, आणि ती भरायला परवानगी दिली असल्यास त्या पत्राची प्रत. उत्तराला ३० दिवसांची मुदत आहे. त्या माणसाला सांग, की कागद आले की बोलू. खरी जागा असेल तर महिन्याभरात ती कुठे जात नाही. घाई करतो, 'दुसरा माणूस पैसे घेऊन तयार आहे' म्हणतो, तर तुला उत्तर मिळालं.

आता तुझ्या पत्रातल्या एका वाक्याकडे येते. 'ओळख आणि पैसा नसेल तर काम लागतच नाही.' यातला पैशाचा भाग मला मान्य नाही, ओळखीचा अर्धा मान्य आहे. लहान कारखाना, जिनिंग, कृषी केंद्र, गोडाऊन, दवाखाना हे लोक पेपरात जाहिरात देत नाहीत. माणूस हवा झाला की आपल्याच माणसांना विचारतात, 'पोरगा आहे का कोणी चांगला?' तेव्हा तुझं नाव कोणाच्या तरी तोंडी यायला हवं. ओळख म्हणजे एवढंच, आणि ती मिळवायला वावर विकावं लागत नाही. विचारत फिरावं लागतं. तुझं पत्र मी दोनदा वाचलं. चार वर्षांत तू कोणत्या परीक्षा दिल्यास ते सगळं त्यात आहे, पण कोणाकडे जाऊन काम मागितलंस याची एक ओळ नाही. रागावून म्हणत नाही. तुझ्यासोबतच्या बहुतेकांचं असंच झालं आहे. परीक्षेची तयारी आणि कामाचा शोध हे दोन वेगवेगळे उद्योग आहेत; तू पहिला मनापासून केलास, दुसरा अजून सुरूच केलेला नाही. म्हणून 'काम लागतच नाही' हा निकाल तू आत्ताच देऊ नयेस असं मला वाटतं.

आणि परीक्षेत राहिलास म्हणून स्वतःला कमी लेखू नकोस. २०२३ च्या तलाठी भरतीत ४६४४ जागा होत्या आणि अर्ज दहा लाखांच्या वर. एका जागेमागे दोनशेच्या वर मुलं. त्यातले बहुतेक जण हुशार आणि कष्टाळू असूनही राहणार, हे पहिल्या दिवशीच ठरलेलं होतं.

चार वर्षं वाया गेली म्हणतोस. पत्रात तू सहज लिहून गेलास, की गावातल्या लोकांचा पीक विमा आणि ई-केवायसी करून देतोस. मी तिथे थांबले. सातबारा वाचता येणं, गट नंबर आणि बँक खातं जुळवणं, ओटीपी आला नाही म्हणून वैतागलेल्या म्हाताऱ्या माणसाला धीर देत काम पूर्ण करणं, हे पगार देऊन करून घेतलं जाणारं काम आहे. आपले सरकार सेवा केंद्रात, शेतकरी उत्पादक कंपनीत, विमा कंपनीच्या तालुका प्रतिनिधीकडे, बँकेच्या ग्राहक सेवा केंद्रावर असाच माणूस लागतो. त्यात टायपिंग, ट्रॅक्टर आणि कास्तकारीची समज जोड. बायोडाटात यातलं काही लिहिलं आहेस का? माझ्याकडे येणाऱ्या बायोडाटांत वरती इंग्रजीत दोन ओळींचं कोणाचं तरी उतरवलेलं ध्येय असतं, खाली धर्म, जात, छंद. मधे माणसाला काय येतं ते सापडत नाही. एकच पान कर. नाव, गाव, फोन, शिक्षण, आणि मग साध्या मराठीत पाच-सहा ओळी: काय काय करता येतं, कुठे केलं, किती वर्षं. गावात कोणाला विचारलं तर माझ्या कामाबद्दल सांगतील, अशा दोन माणसांची नावं त्यांना विचारून खाली टाक.

बायोडाटाच्याही आधी कागदांचं बघ. हा विषय कंटाळवाणा वाटतो, पण हातातोंडाशी आलेली कामं इथेच अडकतात. दहावीची मार्कशीट, आधार, पॅन आणि बँकेचं पासबुक चारही शेजारी शेजारी ठेव आणि नाव अक्षर न अक्षर वाच. आपल्याकडे बापाच्या नावापुढे एका कागदावर 'राव' असतं, दुसऱ्यावर नसतं. कुठे आडनाव आधी, कुठे शेवटी. जन्मतारखेत आधारवर नुसतं वर्ष असतं. गावात याने काही अडत नाही. पण पीएफचं खातं उघडताना आधारशी नाव जुळलं नाही की पैसे अडकून पडतात, आणि सरकारी नेमणुकीच्या कागद तपासणीत तर धडधड वाढते. दुरुस्ती आत्ता करून घे. आधारला तुझाच चालू मोबाईल नंबर जोडलेला असू दे, बंद पडलेलं जुनं सिम किंवा काकाचा नंबर नको. एकदा बायोडाटावर दिलेला नंबर बदलायचा नाही. वावरात रेंज नसेल तर संध्याकाळी गावात आल्यावर सुटलेले सगळे फोन परत लाव, अनोळखी असले तरी. कितीतरी मुलांना बोलावणं आलेलं असतं आणि फोन 'कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर' असतो.

मग तालुक्याच्या गावी जा. मित्राच्या गाडीवर बसून पानठेल्यावर चौकशी करून परत येऊ नकोस, एकटा जा, सकाळी कामाच्या वेळी. दारव्हा, दिग्रस, यवतमाळ, तिन्ही ठिकाणी एकेक दिवस दे. जिनिंग-प्रेसिंगमध्ये आत्ता शांतता असेल, आणि म्हणूनच आत्ता जायचं. कापूस दिवाळीच्या मागेपुढे यायला लागतो, गाड्यांची रांग लागल्यावर मालकाला तुझ्याशी बोलायला सवड नसते. काट्यावर बसायला, टोकन द्यायला, पावत्या चढवायला हंगामी माणसं ते आधीच ठरवून ठेवतात. काट्यावरच्या माणसाचं काम बघितलं आहेस ना? भरल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, ओलावा किती, कपात किती, आणि समोर रात्रभर थंडीत गाडीवर झोपलेला कास्तकार. हमीभावाच्या खरेदीत ८ टक्क्यांपर्यंत ओलाव्याला पूर्ण भाव आणि १२ टक्क्यांच्या वर कापूस परत, हे तू स्वतः भोगलेलं आहेस. त्या खिडकीत कास्तकाराच्या घरचा, हिशेब चोख असलेला मुलगा बसला तर मालकाची भांडणं कमी होतात. हे असंच बोलून सांग. म्हण, 'माझ्या घरचा कापूस मी स्वतः आणतो, काट्याचं मला समजतं, टायपिंग येते, रात्रीची पाळी चालेल.' एवढ्या तीन-चार वाक्यांनी जे होतं ते बायोडाटा टेबलावर ठेवून होत नाही.

हंगामी काम चार-पाच महिन्यांचंच असतं हे खरं. पण एक हंगाम नीट केला की तोच मालक दुसऱ्याला तुझं नाव सांगतो. मोठी कृषी केंद्रं, ट्रॅक्टरची शोरूम, डाळ मिल, गोडाऊन, कुरिअरची हब, खासगी दवाखान्याचं काऊंटर, सगळीकडे विचार. 'आत्ता जागा नाही' म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नकोस, 'कधी लागेल, महिन्याने येऊन विचारू का' एवढं विचार आणि खरंच महिन्याने जा. एक वही ठेव: तारीख, कुठे गेलो, कोणाशी बोललो, काय म्हणाले, पुन्हा कधी. अभ्यासाचं वेळापत्रक जसं पाळलंस तसं हे पाळ. सूक्ष्म वित्त कंपन्यांची वसुलीची कामं मात्र पूर्ण चौकशी केल्याशिवाय घेऊ नकोस. पगार बरा सांगतात, पण कापूस बुडालेल्या गावात बायांच्या दारात हप्त्यासाठी बसायला काळीज वेगळं लागतं, आणि वसुली झाली नाही तर दाब तुझ्यावर येतो.

आता बुटीबोरी. हेल्पर म्हणून जायला मन घेत नाही, हे मी समजू शकते. पण 'हेल्पर' या नावावर अडू नकोस आणि 'कंपनी' या नावाला भुलूही नकोस. तिथे जाऊन चार दिवस मावसभावाच्या खोलीवर राहा आणि स्वतः बघ. विचारायच्या गोष्टी अशा. पगार कंपनी देते की ठेकेदार? ड्यूटी आठ तासांची की बारा? बारा असेल तर वरच्या चार तासांचा ओव्हरटाईम कोणत्या दराने? पीएफ कापतात का, आणि कापत असतील तर यूएएन म्हणजे पीएफचा आपला कायमचा नंबर मिळतो का? ईएसआयसीचं म्हणजे कामगार विम्याचं कार्ड मिळतं का? महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्याला, त्या कारखान्याला ईएसआयसी लागू असेल तर, हे कार्ड मिळायलाच हवं, आणि त्यावर तुझ्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांचाही इलाज होतो. नेमणूकपत्र माग. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांप्रमाणे ते देणं मालकावर बंधनकारक आहे. मिळालं नाही तर निदान हजेरी कार्डाचा आणि पगाराच्या नोंदीचा दर महिन्याला फोटो काढून ठेव.

मूळ मार्कशीट कोणाच्याही हातात द्यायची नाही, झेरॉक्स द्यायची. 'गेटपासचे', 'युनिफॉर्मचे', 'लावून देण्याचे' म्हणून हजारो रुपये मागितले तर तिथूनच परत फिर. आणि पगाराचा आकडा ऐकलास की खोली, मेस, येणं-जाणं वजा करून हातात काय उरतं ते कागदावर मांड. समज, हातात १४,००० येतात आणि राहण्या-खाण्यात ७,००० जातात. तर दारव्ह्यात घरी जेवून मिळणारे ९,००० त्याहून जास्तच झाले. पण बुटीबोरीत सहा महिन्यांत मशीन शिकायला मिळत असेल, तर हिशेब पुन्हा फिरतो. म्हणून मावसभावाला हेही विचार, की त्याच्यासोबत लागलेल्या हेल्परपैकी किती जण आज ऑपरेटर, स्टोअरकीपर किंवा सुपरवायझर झाले. एकही झाला नसेल तर ती जागा फक्त घाम घेते. काही झाले असतील तर तू बी.ए. आणि टायपिंगवाला आहेस, स्टोअरच्या खिडकीपर्यंत तुझा रस्ता इतरांपेक्षा लहान आहे. बोलण्याचीही भीती बाळगू नकोस. नागपूरच्या बाजूला कारखान्यांत हिंदी चालते, आणि आपल्या वऱ्हाडी हेलाने बोललेली हिंदी तिथे रोजचीच आहे.

हाताला कसब हवं वाटत असेल तर आयटीआयचा विचार कर. २७ व्या वर्षी आयटीआयला कसं जायचं, असं मुलं विचारतात. प्रवेशाला वरच्या वयाची अट नाही, आणि वेल्डर, डिझेल मेकॅनिक असे एका वर्षाचे ट्रेड आहेत. वर्षभर पगार नाही, हे मात्र घरात आधी बोलून घ्यावं लागेल. त्याहून कमी दिवसांचं हवं असेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी आरसेटी म्हणजे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था असते, अग्रणी बँक चालवते. तिथलं प्रशिक्षण, राहणं आणि जेवण फुकट असतं. महास्वयं पोर्टलवर नाव नोंदव, जिल्हा रोजगार मेळावे तिथूनच समजतात. मेळाव्यात बायोडाटाच्या आठ-दहा प्रती ने, आणि जी कंपनी 'ट्रेनिंग फी' मागेल तिच्या टेबलावरून उठ.

सरकारी नोकरीचं काय? सोडून दे असं मी म्हणणार नाही. पण एक तारीख ठरव. पोलीस भरतीत खुल्या प्रवर्गाला वयाची मर्यादा २८ आहे, मागासवर्गीयांना ३३. तू कोणत्या प्रवर्गात आहेस ते लिहिलं नाहीस, म्हणून तूच मोज की किती भरत्या हातात आहेत. ग्राऊंड तुझं निघतंच, अडतंय लेखीत. म्हणजे आता पहाटेचं पळणं टिकवायचं आणि रोज दोन तास फक्त लेखीत जिथे गुण जातात त्या विषयाला द्यायचे. हे कामावर राहून होतं. दहा परीक्षांचे दहा फॉर्म भरण्यापेक्षा एक-दोन धर. आणि एक भरती तू बहुधा बघितलीच नसशील: ग्रामीण डाकसेवक. वय १८ ते ४०, परीक्षा नाही, निवड दहावीच्या गुणांवर होते. काम दिवसाला चार-पाच तासांचं, त्यामुळे वावर सांभाळून करता येतं. दहावीला चांगले गुण असतील तर पुढची जाहिरात चुकवू नकोस.

याच अडचणीत असलेल्या मुलींचीही पत्रं येतात, त्यांच्यासाठी इथेच लिहिते. तालुक्याला रोज ये-जा जमत नसेल तर 'उमेद' या सरकारच्या बचत गटांच्या अभियानाच्या प्रभाग कार्यालयात जाऊन विचारा. बचत गटांच्या कामात कृषी सखी, पशुसखी, बँक सखी अशी गावपातळीवरची मानधनाची कामं असतात, आणि गटाचे हिशेब लिहिणाऱ्या मुलीला त्यात आधी विचारलं जातं. अंगणवाडीची जागा स्थानिक रहिवासी असलेल्या बारावी पास महिलेला मिळते, जाहिरात पंचायत समितीच्या आवारातल्या बाल विकास प्रकल्प कार्यालयात लागते. कंपनीत जायचं ठरलं तर पाळी किती वाजता सुटते आणि घरापर्यंत गाडी कोण सोडतं, हे पगाराच्या आधी विचारा. आणि सगळ्यांसाठीच: घरबसल्या डेटा एंट्री, व्हिडिओला लाईक करून पैसे, नोंदणीचे ४९९ भरा, असे संदेश मोबाईलवर आले तर उत्तर देऊ नका. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन करा, जितका उशीर तितके पैसे हातचे जातात.

सोयरिकीचा प्रश्न तू एका ओळीत लिहिलास, पण त्या ओळीत सगळ्यात जास्त ओझं आहे हे मला समजतं. पाहायला गेलं की 'मुलगा काय करतो?' विचारतात, आणि तू गप्प होतोस. वावर विकून मिळालेली कच्ची नोकरी सांगून लग्न झालं आणि दोन वर्षांनी पगारच सुरू झाला नाही, तर त्या मुलीसमोर तू कसा उभा राहशील? त्यापेक्षा 'जिनिंगमध्ये काट्यावर आहे, घरचं पाच एकर वावर आहे, भरतीची तयारी सुरू आहे' हे उत्तर खरं आहे आणि वजनदारही. सगळे हो म्हणणार नाहीत. पण जे म्हणतील ते फसणार नाहीत.

राहिले बाबा. ते दोन एकर काढायला तयार झाले यात त्यांचा हिशेब चुकला असेल, माया चुकली नाही. पोरगा वावरात मरू नये, एवढंच त्यांना हवं आहे. म्हणून 'तुम्हाला काही समजत नाही' अशा सुराने बोलू नकोस. चार माणसांत बोलू नकोस, आणि तो संस्थेचा माणूस घरी बसलेला असताना तर मुळीच नाही. दोघंच असताना, डवरणीतून घरी येताना वगैरे, बोल. म्हण, 'बाबा, मी नाही म्हणत नाही. मला ३० दिवस द्या. मी कागद मागवतो. तोवर रोज कामाला बाहेर पडतो, तुम्ही बघा.' आणि खरंच बाहेर पड, कारण चार वर्षं त्यांनी पुस्तकासमोर बसलेला मुलगा पाहिला आहे. आता सकाळी आठला वही घेऊन निघणारा मुलगा त्यांना दिसू दे. मावसभावाला एकदा घरी बोलाव, कंपनीतलं बरं-वाईट त्याच्याच तोंडून बाबांना ऐकू दे. आईलाही यात घे. जमीन विकायच्या गोष्टीत आपल्या घरांत बायांना शेवटी सांगतात, पण पुढचा सगळा संसार त्यांनाच ओढायचा असतो.

बाबा तरीही ऐकले नाहीत, तर मला लगेच लिही. या वेळी त्यांच्या नावाने लिहीन आणि पत्र तुझ्या पत्त्यावर पाठवीन.

तुझी ताई